हक्क, उपकार आणि कतञ्ञुता

गेल्या वर्षावासात एका विहारात प्रवचनासाठी आम्हांला बोलावणे आले होते. प्रवचनापूर्वी एका कुटुंबाचा नामकरणविधी व्हावयाचा होता. बालकाचे वडील शासकीय सेवेत मोठ्या हुद्द्यावर होते. विहाराची झाडलोट करणाऱ्या, सत्तरी ओलांडलेल्या एक उपासिका पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, तेव्हा त्या गृहस्थांनी पाणी गार नसल्याबद्दल आणि चटया आधीच न अंथरल्याबद्दल त्यांना सर्वांदेखत सुनावले. ‘आणते साहेब’ एवढेच म्हणून आजी मागे वळल्या. विहार हा समाजाचा आहे, आपण वर्गणी भरतो, तेव्हा तेथील सोयीवर आपला हक्क आहे, असे त्या गृहस्थांनी शेजाऱ्याला सांगितले. ते खरेही होते. पुढे चौकशी करता समजले की, विहाराचे बांधकाम चालू असताना याच आजींनी आणि त्यांच्या यजमानांनी रोजंदारीवरून परतल्यावर रात्री विटा वाहिल्या होत्या. आम्ही त्या वेळी काहीच बोललो नाही. त्यांनी आणलेले पाणी आम्हीही त्यांच्याकडे न पाहताच प्यालो होतो. हा लेख त्या मौनातून निघाला आहे.

सौजन्य लोपले, तरुण पिढी उद्धट झाली, कोणी कोणाचे उपकार स्मरत नाही, अशी तक्रार हल्ली सर्वत्र ऐकू येते. ती आम्हांला जशीच्या तशी मान्य नाही. एक तर ती प्रत्येक पिढीने पुढच्या पिढीविषयी केलेली आहे. दुसरे, ‘धन्यवाद’ आणि ‘आभार’ हे शब्द आज जितके उच्चारले जातात तितके आमच्या लहानपणी कधी ऐकू येत नसत. आपल्या आया शेजारणीला आभारी आहे असे म्हणत नव्हत्या. शेजारून कालवण आले तर ती वाटी रिकामी परत करीत नव्हत्या, इतकेच. आता प्रत्येक कार्यक्रमाच्या शेवटी आभारप्रदर्शन असते आणि ते सुरू होताच सभागृह उठू लागते. तेव्हा शब्द कमी झालेले नाहीत. जे वाढले आहे त्याला मराठीत एक नेमका वाक्प्रयोग आहे : गृहीत धरणे. समोर आलेले पाणी, झाडलेली जमीन, मिळालेली शिष्यवृत्ती, आईने राखलेले घर, हे सारे आपोआपच होते आणि ते माझ्यासाठी असणारच, अशी मनाची धारणा होते. ज्याने ते केले तो माणूस दृष्टीआड होतो.

परंतु आपल्या वाचकांपुढे या विषयावर लिहिताना एक अडचण आहे आणि ती टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. कृतज्ञता आणि विनय हे शब्द आपल्या समाजाच्या कानांना निर्मळ लागत नाहीत, आणि त्याला सबळ कारण आहे. आपल्या आजा-पणजांना रस्त्यात कमरेत वाकून ‘जोहार मायबाप’ म्हणावे लागे. तोही शिष्टाचारच होता. पण तो एकाच बाजूने वाहत होता. गावाची राखण, सांगावा पोहोचविणे, मेलेली जनावरे ओढणे ही कामे अहोरात्र करून घेतली जात आणि त्याबद्दल दारोदार मिळणारी भाकर मात्र गावाची दया म्हणून झोळीत पडे. वास्तविक ते श्रमाचे वेतन होते. म्हणून तर परंपरेने बावन्न हक्कांची भाषा जपून ठेवली. जे हक्काचे, त्यालाच उपकाराचे रूप द्यावयाचे आणि मग घेणाऱ्याकडून कृतज्ञतेची वसुली करावयाची, अशी ही व्यवस्था होती. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनविषयक विधेयक आणले ते या गाठीवर घाव घालण्यासाठी. प्रत्यक्षात कनिष्ठ गाव-वतने नष्ट करणारा कायदा होण्यास १९५८ साल उजाडावे लागले.

आजही आरक्षणाचा किंवा शिष्यवृत्तीचा उल्लेख होताच ‘तुम्हांला एवढे दिले, त्याची जाणीव ठेवा’ असे सुनावणारे भेटतात. अशा जाणिवेला आमचा साफ नकार आहे. राज्यघटनेने मान्य केलेला अधिकार हे कोणाचे दान नव्हे. तेव्हा आपला तरुण ‘हा माझा हक्क आहे’ असे ताठ मानेने म्हणतो यात अविनय नाही. प्रश्न त्यानंतरचा आहे. शासनापुढे उच्चारलेले तेच वाक्य तो घरी आईपुढे, वसतिगृहातील स्वयंपाकिणीपुढे, विहारातील आजींपुढे उच्चारू लागला म्हणजे काय होते? हा भेद समजून घेण्यास पालि वाङ्मयातील दोन शब्द आपल्याला साहाय्य करतात.

ते शब्द म्हणजे कतञ्ञू आणि कतवेदी. ‘कत’ म्हणजे केलेले आणि ‘ञू’ म्हणजे जाणणारा. संस्कृत ‘कृतज्ञ’ची घडण हीच आहे, परंतु मराठीत त्या शब्दावर नम्रतेचा आणि ओशाळेपणाचा इतका लेप बसला आहे की मूळ धातू दिसेनासा झाला. मूळ अर्थात वाकणे नाही, ऋणी होणे नाही, जाणणे आहे. जे आपल्यापुढे आहे ते कोणी तरी केलेले आहे, हे ज्ञान. दुसरा शब्द कतवेदी. अट्ठकथाकार त्याचा अर्थ केलेले विदित करणारा, प्रकट करणारा असा लावतात. एक शब्द अंतःकरणात घडणाऱ्या गोष्टीचा आहे, दुसरा चारचौघांत करावयाच्या गोष्टीचा. अंगुत्तरनिकायाच्या दुकनिपातात जगात दुर्मीळ अशा दोन व्यक्ती सांगितल्या आहेत : पुब्बकारी, म्हणजे मागितल्याशिवाय आधी करणारा, आणि कतञ्ञू-कतवेदी. आधी करणाऱ्याचा उल्लेख आधी येतो, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

येथे थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. धम्मपदाच्या अरहन्तवग्गात उत्तम पुरुषाला चक्क ‘अकतञ्ञू’ म्हटलेले आढळते आणि नवा विद्यार्थी तेथे हमखास अडखळतो. तेथे ‘अकत’ म्हणजे न केलेले, असंस्कृत, अर्थात निब्बान; आणि ते जाणणारा तो अकतञ्ञू. हा श्लेष जाणूनबुजून केलेला आहे. गंमत अशी की अट्ठकथा ती गाथा ज्या थेरांच्या प्रसंगाशी जोडते ते सारिपुत्त होत, आणि दुसऱ्या, लौकिक अर्थाने कतञ्ञुतेचे सर्वांत मोठे उदाहरणही सारिपुत्तच आहेत.

ते उदाहरण महावग्गात आले आहे. राजगहातील एक वृद्ध, निर्धन ब्राह्मण, ज्याला परंपरा राध या नावाने ओळखते, प्रव्रज्या मागत होता. भिक्खू त्याला घेईनात. तो झुरून कृश झाला, पिवळा पडला. भगवंतांनी भिक्खूंना विचारले की, या माणसाने केलेले काही कोणाला आठवते काय? सारिपुत्त म्हणाले की, आपल्याला आठवते. एकदा राजगहात भिक्षाटनाला गेलो असता याने आपल्या पात्रात पळीभर अन्न घातले होते. भगवंतांनी त्यांची कतञ्ञू-कतवेदी म्हणून प्रशंसा केली आणि राधला दीक्षा देण्यास त्यांनाच सांगितले. तीन सरणांनी दिली जाणारी उपसंपदा जाऊन संघापुढे ज्ञप्ती मांडून उपसंपदा देण्याची पद्धत याच प्रसंगी सुरू झाली.

आता पाहा, भिक्षा मिळणे हा भिक्खूचा जीवनक्रमच होता. रोज कित्येक दारांवर पात्रात काही ना काही पडत असे. ते गृहीत धरण्यास सारिपुत्तांइतका अधिकारी पुरुष दुसरा कोण? तरी त्यांना पळी आठवली, पळी धरणारा आठवला, गाव आठवले. शिवाय ते आठवून मनातल्या मनात राहिले नाहीत; इतर भिक्खू नाकारीत असताना त्यांनी ते संघापुढे सांगितले आणि सांगण्याचे दायित्व स्वीकारले. याच सारिपुत्तांविषयी अट्ठकथा सांगते की, ज्या अस्सजि थेरांमुळे धम्माची पहिली वाट सापडली, ते ज्या दिशेला राहत असतील त्या दिशेला मस्तक करून ते झोपत. आणि ते दिशांची पूजा करतात असा आरोप काही भिक्खूंनी त्यांच्यावर केला.

कतञ्ञुता ही केवळ थोरांच्या अंतःकरणातील भावना म्हणून विनयाने सोडून दिलेली नाही. चुल्लवग्गातील वत्तक्खन्धक हा भाग आपल्याकडे फारसा वाचला जात नाही. प्रत्येक विहाराच्या कार्यकारिणीने तो एकदा तरी वाचावा असे आम्हांला वाटते. आरंभीच बाहेरगावचे भिक्खू येतात ते पायांत वहाणा, डोक्यावर छत्री, डोके झाकलेले. पिण्याच्या पाण्याने पाय धुतात. निवासी थेरांना वंदन करीत नाहीत, निवासाविषयी विचारीत नाहीत. एक जण तर रिकाम्या विहाराची कडी काढून परस्पर आत घुसला, तोच वरून साप खांद्यावर पडला आणि तो भयाने किंचाळला. या गोंधळावर जे नियम घालून दिले ते अत्यंत बारीक आहेत. वहाणा काढून, झटकून, हातात घेऊन आत यावे. पिण्याचे पाणी कोणते आणि वापरण्याचे कोणते ते विचारावे. पाय धुताना एका हाताने पाणी ओतावे व दुसऱ्या हाताने धुवावे. रिकाम्या खोलीच्या दारावर आधी टकटक करून थोडे थांबावे. निवासी भिक्खूंनाही तितकीच कर्तव्ये आहेत : येणारा ज्येष्ठ असेल तर आसन मांडावे, पाय धुण्यास पाणी ठेवावे, सामोरे जाऊन पात्र-चीवर घ्यावे, पिण्यास पाणी हवे काय ते विचारावे. निघून जाणाऱ्याने लाकडी व मातीच्या वस्तू नीट लावून, दारे-खिडक्या बंद करून, कोणास तरी सांगून निघावे. छप्पर गळत असेल आणि शक्य असेल तर ते शाकारून जावे.

याच खंधकात आहे की, भोजनानंतर भिक्खू अनुमोदन न करताच उठून जात, आणि लोक त्यावर कुरकुर करीत. तेव्हा भगवंतांनी भोजनशाळेत अनुमोदन करण्याची अनुज्ञा दिली. आज आपण संघाच्या अनुमोदनाला मोठ्या श्रद्धेने हात जोडतो. त्याचा उगम अन्न रांधणाऱ्यांच्या तक्रारीत आहे आणि ती तक्रार ऐकून घेतली गेली, हे आपल्या लक्षात नसते.

विनयातील सौजन्याचा आधार जात नव्हती, हे वेगळे सांगावयास नको. पण ते कसे ठरले तो प्रसंग सांगण्यासारखा आहे. छब्बग्गिय भिक्खूंचे शिष्य पुढे धावून निवास अडवीत : हा आमच्या उपाध्यायांना, हा आचार्यांना, हा आम्हांला. परिणामी सारिपुत्तांना जागाच मिळाली नाही आणि त्यांनी रात्र एका झाडाखाली काढली. पहाटे भगवंत खोकले, तेथून सारिपुत्तही खोकले, तेव्हा हे उघडकीस आले. भगवंतांनी भिक्खूंना विचारले की, पहिले आसन, पहिले पाणी, पहिला घास कोणाला मिळावा? कोणी म्हणाले क्षत्रिय कुळातून आलेल्याला, कोणी म्हणाले ब्राह्मण कुळातून आलेल्याला. त्यावर हत्ती, माकड आणि तित्तिर पक्षी यांची कथा सांगून, जो संघात आधी आला तो ज्येष्ठ, असा नियम त्यांनी घालून दिला. म्हणूनच न्हावी असलेल्या उपालींना शाक्यकुमारांच्या आधी दीक्षा मिळाली आणि कुमारांना त्यांच्यापुढे हात जोडावे लागले. तशी विनंती कुमारांनी स्वतःच केली होती. आपला शाक्यपणाचा अभिमान गळावा म्हणून.

याच विनयात शौचकुटीसाठी मात्र हा ज्येष्ठतेचा नियम रद्द केला आहे. ज्येष्ठ आधी म्हणून आधी आलेले नवे भिक्खू ताटकळत राहत आणि बेशुद्ध पडत. तेव्हा तेथे येण्याच्या क्रमाने जावे असे ठरले. शरीराच्या गरजेपुढे मान-पान नाही. आपल्या कार्यक्रमांत मान्यवरांना रांगेतून बाहेर काढून पुढे नेण्याची जी चढाओढ लागते, ती पाहताना आम्हांला हा नियम नेहमी आठवतो. आणि शंभर वर्षांच्या भिक्खुनीनेही आजच्या आज उपसंपन्न झालेल्या भिक्खूला वंदन करावे, हा आठ गरुधम्मांतील पहिला नियम ज्येष्ठतेच्या या तत्त्वाशी जुळत नाही, हेही येथेच म्हटले पाहिजे. ज्या महापजापती गोतमींच्या उपकाराची आठवण आनंदांनी भगवंतांना करून दिली, त्यांच्याच वाट्याला तो यावा, याचे समाधानकारक उत्तर आम्हांला मिळालेले नाही.

सिगालोवाद सुत्तात खालच्या दिशेचे, म्हणजे दास व कामकरी यांचे, प्रकरण येते. तेथे मालकाची पाच कर्तव्ये आधी सांगितली आहेत : शक्तीनुसार काम, अन्न व वेतन, आजारपणात शुश्रूषा, गोडधोडातील वाटा आणि वेळोवेळी सुट्टी. कामकऱ्याने मालकाची कीर्ती गावी हे त्यानंतर येते. दास हा शब्द त्या काळाची मर्यादा दाखवितो. पण क्रम बोलका आहे. २२ मार्च २०२० रोजी सायंकाळी पाच वाजता देशभर टाळ्या आणि थाळ्या वाजविण्यात आल्या. डॉक्टर, परिचारिका, सफाई कामगार यांच्याविषयीची ती भावना खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. परंतु मुंबईतील कंत्राटी सफाई कामगारांपैकी २,७०० जणांना कायम करून घ्यावे यासाठी कामगारांच्या संघटनेला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले होते आणि तो निकाल २०१७ साली लागला. त्या कामगारांत आपले किती बांधव आहेत हे वाचकांना ठाऊक आहे. वेतनाच्या जागी वाजविलेली थाळी आणि वेतनाच्या जागी घातलेली भाकर यांत अंतर फार नाही.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधानसभेत बोलताना बाबासाहेबांनी या विषयाची सीमा आखून दिली. देशाची आजन्म सेवा करणाऱ्या थोर पुरुषांविषयी कृतज्ञ असण्यात काही गैर नाही, पण कृतज्ञतेलाही मर्यादा आहे, असे सांगून त्यांनी आयरिश देशभक्त डॅनियल ओ’कॉनेल यांचा दाखला दिला : आपला सन्मान गमावून पुरुषाने, शील गमावून स्त्रीने आणि स्वातंत्र्य गमावून राष्ट्राने कोणाचे कृतज्ञ होऊ नये, अशा आशयाचा. आपल्या व्याख्यानांत हा दाखला वारंवार येतो. मात्र तो देणारा पुरुष स्वतः केवढा कतञ्ञू होता, हे आपण कमी सांगतो. १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर कृष्णराव अर्जुन केळूसकर गुरुजींनी भेट दिलेल्या बुद्धचरित्राचा उल्लेख त्यांनी आयुष्याच्या अखेरीसही केला. ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ हा १९४६ सालचा ग्रंथ त्यांनी जोतीराव फुले यांच्या स्मृतीस अर्पण केला. पाकिस्तानविषयक ग्रंथ रमाईंच्या स्मृतीस.

आणि एक प्रस्तावना आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनी आपल्या दीर्घ आजाराचा उल्लेख करून, पत्नी सविता आणि डॉ. मालवणकर यांच्यामुळे हे काम तडीस गेले असे सांगून दोघांचे आभार मानले होते. ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला, तेव्हा ती प्रस्तावना त्यात नव्हती. भगवान दास यांनी १९८० साली ती प्रकाशात आणली. माईसाहेबांविषयी त्या काळी चळवळीत किती कटुता होती हे आम्ही जाणतो. त्या वादाचा निवाडा करण्याचे हे स्थळ नाही. परंतु बाबासाहेबांनी ज्यांचे केलेले जाणले आणि स्वतःच्या लेखणीने प्रकट केले, ते आपण तेवीस वर्षे अप्रकट ठेवले. तरुणांना कतञ्ञुतेचा उपदेश करताना ही गोष्ट विसरून चालणार नाही. तो ग्रंथ धम्मवाचनासाठी हाती घेणाऱ्या प्रत्येकाने ती प्रस्तावना त्याबरोबर वाचावी.

हा लेख लिहावयास घेतल्यावर आम्ही पुन्हा त्या विहारात गेलो. आजींनी आधी जेवण झाले काय ते विचारले आणि मग आमची माहिती दुरुस्त केली. विटा वाहणाऱ्या त्या दोघेच नव्हते. वस्तीतील अकरा बायका होत्या, आणि पायाच्या वेळी पाणी दूरच्या विहिरीवरून डोक्यावर आणावे लागे. विहाराच्या दर्शनी भिंतीवर संगमरवरी फलक आहे. त्यावर रोख देणगीदारांची नावे रकमेच्या उतरत्या क्रमाने कोरलेली आहेत. अकरांपैकी सात जणी आता हयात नाहीत. आजींना काहींची नावे केवळ अमक्याची आई अशीच आठवतात. आतापर्यंत सहा नावे पक्की लागली आहेत. ती कार्यकारिणीकडे लेखी दिली आहेत. उरलेल्या पाच जणींसाठी त्यांच्या मुला-नातवंडांकडे विचारणा चालू आहे.